उत्स्फूर्त आनंदासाठी सात दिवस आधी अर्ज करावा

सिएनीचं वागणं फुआतिनोला लग्नाच्या दिवसापासून पटलं नव्हतं. परंतु नणंदेचं वागणं हा घरातला विषय असतो, तो लेखी करता येत नाही, म्हणून इतकी वर्षं तो तोंडीच राहिला होता. बेटावरच्या माउंगालोआ विद्यापीठाच्या प्रयोगकला केंद्राच्या वर्धापनदिनी मात्र सिएनीनं तो विषय स्वतःच्या पोटावर घसरत कार्यालयीन हद्दीत आणून टाकला.

झालं ते असं. केंद्राच्या मोठ्या नाट्यगृहात कुलसचिवांची मुलगी तौआलुंगा नाचत होती. समारंभाचा हा शेवटचा नाच घरातल्या मानाच्या मुलीनं नाचायचा, हात पाण्यासारखे हलवायचे आणि चेहरा असा ठेवायचा की जगात आपल्याशिवाय दुसरं कुणीच नाही. तिच्या माणसांनी मात्र तिच्याभोवती माकडचेष्टा करायच्या, आरोळ्या ठोकायच्या, जमिनीवर लोळण घ्यायची. कारण बाजूला दहा वेडे नाचले तरच मधली शहाणी दिसते. ज्या मुलीसाठी कुणी उठत नाही, तिला माणसं नाहीत असं गाव समजतं. सिएनीचं कुलसचिवांशी नातं एवढंच, की तिच्या आजोबांनी एकदा त्यांच्या आजोबांचं पळालेलं डुक्कर परत केलं होतं. तेवढ्या भांडवलावर ती एकाहत्तराव्या वर्षी रंगमंचाच्या पायऱ्या चढली, "चीऽऽहूऽऽ" अशी आरोळी ठोकली आणि मुलीच्या पायांशी पालथी पडली. सारं नाट्यगृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. पहिल्या रांगेतल्या एका परदेशी पाहुण्याचा चष्मा खाली पडला.

फुआतिनो तेव्हा हातात बॅटरी घेऊन वाटेत उभी होती. लोक तिला डोअरकीपर म्हणत. तिच्या छातीवरच्या पट्टीवर मात्र 'प्रमुख, प्रेक्षक-अनुभव विभाग' असं लिहिलेलं होतं. ह्या विभागात ती आणि बॅटरी अशा दोघी होत्या. तिनं नणंदेला अडवण्यासाठी हात आडवा केला, तर सिएनी म्हणाली, "बाजूला हो गं दिवाबत्तीवाले," आणि हाताखालून निघून गेली.

हे शब्द लागले, असं फुआतिनो सगळ्यांना सांगत असे. खरं पाहता तिला लागल्या त्या टाळ्या. ती स्वतः तरुणपणी तीन गावांत लोळण घेण्यासाठी नावाजलेली होती. गणवेश चढल्यापासून लोळायची सोय राहिली नव्हती, आणि आपल्याला जे करता येत नाही ते असभ्य असतं, एवढं समजायला फार शाळा लागत नाही.

शाळा तशी तिची पाद्रीबाबांच्या ओसरीवर झालेली, म्हणजे बायबलातल्या पुस्तकांची नावं ओळीनं म्हणता येईपर्यंत. म्हणून तिनं तक्रार कारकुनाला सांगून लिहवून घेतली. सही मात्र स्वतः केली, आणि ती अर्धा कागद भरेल एवढी केली.

केंद्राचे संचालक डॉ. लेउलू हे फुआतिनोच्याच गल्लीत, तिच्याच आईच्या हातावर जन्माला आलेले. पुढे परदेशात सात वर्षं राहून रंगस्थळ-व्यवस्थापन शिकून परतले होते. केंद्राला तीन रंगस्थळं होती. पहिलं मोठं नाट्यगृह. दुसरी प्रायोगिक खोली, जिच्या भिंती काळ्या रंगवल्या होत्या आणि जिच्यात नाटक कळलं नाही तरी चालत असे. तिसरं होतं फाले, म्हणजे आपलं नेहमीचं खांबांवरचं गोल घर, वर शाकारलेलं छप्पर, भिंती नाहीत. परंतु रंगस्थळाला आठ आपत्कालीन दरवाजे असलेच पाहिजेत, असं नियमावलीत होतं. भिंती असल्याच पाहिजेत असं कुठंच नव्हतं. म्हणून लेउलूंनी खांबांच्या मधोमध आठ दरवाजे चौकटींसकट उभे केले, त्यांना कुलपं लावली, आणि किल्ल्यांचा जुडगा फुआतिनोच्या कमरेला आला. ती रोज संध्याकाळी आठही दारं बंद करून, ओढून पाहून, दोन खांबांमधून घरी जात असे. ह्यात तिला हसण्यासारखं काही वाटलं नाही. सिएनीला वाटलं, ह्यावरूनच सिएनीची लायकी कळते, असं तिचं मत होतं.

तक्रार वाचून लेउलू खुर्चीतून उठले.

"मावशी, चार वर्षांत केंद्राकडे आलेलं हे पहिलं लेखी निवेदन आहे. ह्याचं धोरण केलं पाहिजे."

"धोरण कशाला साहेब? वन्संना बोलावून जरा दम द्या."

"एकाला दम दिला तर तो वैयक्तिक राग होतो, मावशी. सगळ्यांना दिला की धोरण होतं."

फुआतिनोला हे पटलं. इतकंच नव्हे, तर आपण आयुष्यभर सुनांच्या बाबतीत हेच करत आलो आणि त्याला नाव काय ते आज कळलं, असंही तिला वाटलं.

समिती बसली. फुआतिनो तिच्यावर 'समाज-प्रतिनिधी' म्हणून होती. चाकांच्या खुर्चीत ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती; पहिल्या बैठकीत तिचं निम्मं लक्ष खुर्ची मागं न जाऊ देण्यात गेलं आणि निम्मं नारळाच्या दुधातल्या पावांच्या ताटलीकडं. दुसऱ्या बैठकीपासून ती बोलू लागली, आणि एकदा बोलू लागल्यावर तिला थांबवणं केंद्राच्या अधिकारकक्षेबाहेरचं होतं. समितीचा निष्कर्ष असा निघाला, की आग आणि चक्रीवादळ ह्यांच्या खालोखाल रंगस्थळाला धोका आहे तो प्रेक्षकांच्या आनंदाचा. आग निदान वर्दी देते, आधी धूर येतो. आनंदाचं तसं नाही. म्हणून त्यानंही वर्दी दिली पाहिजे.

अशा रीतीनं नमुना क्रमांक अकरा जन्माला आला. उत्स्फूर्तपणे आनंद होणार असल्यास अर्जदारानं कामाचे सात दिवस आधी कळवावं. नर्तिकेशी असलेलं नातं, आरोळ्यांची संख्या, लोळण घेणार किंवा कसं, आणि घेणार असल्यास पालथी की उताणी, हे नमूद करावं. सोबत डॉक्टरांचा दाखला आणि डोक्याला शिरस्त्राण. पालथी-उताणीचा रकाना फुआतिनोनं सुचवला होता. ती ह्या विषयातली जाणकार आहे, अशी नोंद इतिवृत्तात झाली, तेव्हा तिनं ते पान घरी नेऊन जेवणाऱ्यांपैकी एकाला मोठ्यानं वाचायला लावलं.

एक कलम तर सर्वस्वी तिचंच. पडदा ओढणाऱ्या गड्याची भाची नाचत असताना तो दोरी सोडून आरोळी ठोकत धावला होता, आणि पडदा भाचीच्या डोक्यावर आला होता. फुआतिनोनं टेबलावर हात आपटून सांगितलं, "जो कामावर आहे, तो कुणाचा कुणी नाही. घरी जाऊन मामा हो म्हणावं!" लेउलूंनी ते शुद्ध करून घेतलं: 'केंद्राचा कर्मचारी कर्तव्यकाळात कोणाचाही नातेवाईक असणार नाही.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत तिला वर्धापनदिनाच्या टाळ्या फिटल्यासारखं झालं.

पहिला अर्ज शेजारच्या गावच्या वक्त्यांनी, म्हणजे गावातर्फे बोलायचा मान असलेल्या गृहस्थांनी आणला. ते हातात काठी आणि खांद्यावर मानाचा कुंचा घेऊन आले, दाराशी उभे राहून तासभर बोलले, आणि मग एकसष्ट पानं पुढं केली. 'नातं' ह्या रकान्यात चौदा पिढ्यांची वंशावळ होती. तिच्यानुसार नाचणाऱ्या मुलीचे रक्ताचे नातेवाईक चारशे बारा होते, आणि त्यांत लेउलू, फुआतिनो व तो पडदा ओढणारा गडी हेही येत होते.

"एवढे लोक मंचावर मावणार नाहीत," लेउलू म्हणाले.

"मंच लहान बांधलात, त्याला मुलीनं काय करावं?" वक्ते म्हणाले.

समितीनं विचारपूर्वक मर्यादा तीनवर आणली. चारशे बारांतले तीन कोण, ह्यावर दोन गावांत बोलणी बंद झाली, एका चर्चमध्ये बाकांची अदलाबदल झाली, आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या कुत्र्याला नावानं हाक मारेनात. तीन नावं काही ठरेनात, म्हणून अर्ज नामंजूर होऊ लागले. अर्ज नामंजूर म्हणून मुली एकट्या नाचू लागल्या. मुली एकट्या नाचल्या म्हणून केंद्राच्या वार्षिक अहवालात 'कौटुंबिक सहभाग' हा रकाना रिकामा राहू लागला. रिकामा रकाना कोणत्याही विद्यापीठाला सहन होत नाही. लेउलूंनी नाट्यविभागाच्या दुसऱ्या वर्षातली मुलं घेऊन त्यांना सहा आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं, आणि 'प्रमाणित नातेवाईक' ही सेवा सुरू केली. तिघांचा संच, पिवळी जाकिटं, पाठीवर क्रमांक.

प्रात्यक्षिकासाठी सिएनीला बोलावलं होतं. तिला सांगण्यात आलं, की लोळण सावकाश घ्यावी, म्हणजे मुलांना टिपणं काढता येतील.

"सावकाश पडतात त्याला निजणं म्हणतात," सिएनी म्हणाली, आणि खरोखरच गादीवर आडवी होऊन घोरू लागली. प्रशिक्षणार्थींनी तेही उतरवून घेतलं.

फुआतिनोला हे सगळं उत्तम चाललंय असं वाटत होतं. मग आसेनातीचं नाव लागलं.

आसेनाती ही तिची नात, थोरल्या मुलाची मुलगी, नृत्यविभागात शेवटच्या वर्षाला. बाप वारलेला, आई न्यूझीलंडला फळं भरायच्या कारखान्यात. पोर फुआतिनो आणि सिएनी ह्या दोन म्हाताऱ्यांनी वाढवली होती, एकीनं धाक देऊन आणि दुसरीनं तो धाक घालवून. तिची पदवीची परीक्षा म्हणजे फालेमध्ये तौआलुंगा, संध्याकाळी चार वाजता, सगळ्या गोतावळ्यासमोर. परीक्षक परदेशातून यायच्या होत्या. त्या केंद्राला मान्यता द्यायची की नाही तेही ठरवणार होत्या. परवान्याशिवाय एकही माणूस नाचाच्या जागेभोवती आखलेल्या पिवळ्या रेषेच्या आत आला, तर प्रयोग थांबणार, मुलगी नापास, मान्यता रद्द.

"आजी, तू उठशील ना गं?" आसेनातीनं रात्रीच्या जेवणाला विचारलं. "आईला मी कळवलंय, तुझ्याऐवजी आजी उठणार म्हणून."

"मी नाही तर काय तुझा तो संचालक उठणार?" फुआतिनो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नमुना क्रमांक अकरा भरून घेऊन कार्यालयात गेली. पालथी, असं तिनं ठळक लिहवलं होतं.

लेउलूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही कामावर आहात."

"मग? बॅटरी घटकाभर कुणाकडं तरी देते."

"कर्तव्यकाळात कर्मचारी कोणाचाही नातेवाईक असत नाही. कलम सात."

"अरे, पण मी तिची आजी आहे!"

"आहात ना. चारपर्यंत आहात. साडेपाचनंतर परत आहात. मधला दीड तासच फक्त नाही."

"लेउलू, तुझी नाळ माझ्या आईनं कापली."

"म्हणूनच मला फार वाईट वाटतंय," लेउलू म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. डोळे भरून आले होते. "पण कलम तुमचंच आहे, मावशी. फार चांगलं कलम आहे. दोन विद्यापीठांनी मागवून घेतलंय."

ह्यावर रजा टाकावी, असं कुणाच्याही मनात आलं असतं. फुआतिनोच्याही आलं. परंतु परदेशी परीक्षकांच्या समोर दाराशी दुसरंच कुणी उभं राहणार, 'प्रमुख' ही पट्टी दुसऱ्याच कुणाच्या छातीवर जाणार, हा विचार तिच्याच्यानं करवेना. आपण नसलो तर केंद्र बसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. ती सिएनीकडं गेली नाही, तिला काही सांगितलं नाही. सिएनीनं अर्ज केला नव्हता, करणारही नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं, आणि विचारून आनंद होण्याइतकी ती शिकलेलीही नव्हती.

परीक्षेच्या दिवशी गोतावळा पावणेदोनशे आला. सगळे क्रमांकाच्या, जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांत बसले. चटईवर मांडी घालून बसणारी माणसं, खुर्चीत पाय खाली सोडून पाहुण्यासारखी बसली. चार वाजता फुआतिनोनं आठ दारं लावली. उशिरा आलेले पंधराजण बाहेर राहिले. म्हणजे हात लांब केला तर आतल्याच्या खांद्याला लागेल एवढ्या बाहेर. त्यांतल्या कुणीही आत पाऊल टाकलं नाही. दार बंद होतं ना.

आसेनाती आली. डोक्यावर केसांचा, शिंपल्यांचा, आरशांचा तो जड मुकुट, अंगाला तेल, कमरेला वस्त्रासारखी नेसलेली बारीक विणीची चटई. ढोल वाजला आणि तिचे हात सुटले. फुआतिनोनं शंभर मुली नाचताना पाहिल्या होत्या. हिच्या मनगटात तिच्या मेलेल्या मुलाचं मनगट होतं.

दुसऱ्या मिनिटाला नातेवाईक क्रमांक एक पुढं आला, घड्याळ पाहिलं आणि मंजूर आवाजात "चीहू" म्हणाला. तिसऱ्या मिनिटाला क्रमांक दोननं दोन उड्या मारल्या. क्रमांक तीन शिरस्त्राणाचा पट्टा आवळून, गादी जागेवर आहे ना हे पायानं चाचपून, पालथा पडला. परीक्षकांनी कागदावर तिन्हींपुढं खुणा केल्या. आसेनातीचा चेहरा जसा हवा तसा होता: जगात आपल्याशिवाय दुसरं कुणीच नाही. ह्या खेपेला तिला तो आणावा लागत नव्हता. फक्त एकदा तिचे डोळे वळले, खुर्च्यांवरून फिरले आणि परत गेले.

तेवढ्यात सिएनी उठली.

ती रांगेतून निघाली, गुडघे वाजत होते, आणि पिवळ्या रेषेपाशी आली. भर उजेडात फुआतिनोनं तिच्या तोंडावर बॅटरी टाकली. नियम तसाच होता.

"वन्सं, बसा."

"पोर एकटी नाचतेय गं."

"एकटी कुठंय? तिघं आहेत."

"कुणाचे आहेत ते?"

"प्रमाणित आहेत."

सिएनीनं तिघांकडं पाहिलं. मग फुआतिनोकडं पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणला. "फुआतिनो, तू हो पुढं. मी तुझ्या मागून येते. तुझ्याइतकं झकास पडणं मला कधी जमलंच नाही."

इतक्या वर्षांत नणंदेच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तो अतिशय गैरसोयीच्या वेळी निघाला होता. फुआतिनोचा एक पाय आपोआप रेषेकडं सरकला. आरोळी घशापर्यंत आली. परीक्षकांचं पेन हवेत थांबलं होतं. लेउलू खांबाआडून हात जोडत होते. पदवी होती, मान्यता होती, छातीवर पट्टी होती. फुआतिनोनं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं:

"अर्ज आहे?"

सिएनीनं रेषेला लागलेला पाय मागं घेतला. मग वळली, आणि हळूहळू जाऊन आपल्या क्रमांकाच्या खुर्चीत बसली.

नाच नऊ मिनिटं चालला, ठरल्याबरहुकूम. शेवटी सगळ्यांनी बसल्याजागी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी तिथल्या तिथं लेखी शेरा दिला: 'प्रेक्षकवर्ग अनुकरणीय. आपण कोणत्या देशात आहोत, हे क्षणभरही जाणवलं नाही.' लेउलूंनी तो शेरा दोनदा मोठ्यानं वाचला आणि पेढे वाटत फिरावं तसे सगळ्यांचे हात धरत फिरले. आसेनातीला पहिला वर्ग मिळाला. मुकुट उतरवल्यावर तिच्या कपाळावर लाल वळ उठला होता. ती रडली नाही. नातेवाईक क्रमांक एक, दोन आणि तीन ह्यांच्याकडं ती गेली, प्रत्येकाशी हात मिळवला, आभार मानले, आणि तुमची नावं काय, म्हणून विचारलं. आईला कळवायची होती.

मग ती दोन म्हाताऱ्यांकडं न बघता निघून गेली.

माणसं उठेनात. उठायची सूचना अजून झाली नव्हती. सिएनीही हात मांडीवर ठेवून, पाय जुळवून, शाळेतल्या पोरीसारखी बसून होती. फुआतिनोनं बॅटरी विझवली. तिच्यापुढं जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि पावणेदोनशे माणसांना आणि बाहेरच्या पंधराजणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मी मूर्ख आहे ते राहू द्या, वन्सं, मला त्याचा गणवेश मिळतो. तुम्हाला काय झालं होतं? ह्या घरात आल्यापासून माझा एक शब्द तुम्ही ऐकला नाहीत. ओरडू नका म्हटलं की ओरडलात, जाऊ नका म्हटलं की गेलात, पोरीला लाडावू नका म्हटलं की तिला खांद्यावर घेऊन गावभर नाचलात. आणि आज, नेमकं आजच, बऱ्या शहाण्यासारखं ऐकलंत माझं!"